नेत्याचा दोष आणि गावाचा ठराव

८ एप्रिल २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची प्रचारसभा चंद्रपूरला झाली. मतदानाला अकरा दिवस उरले होते. भाजपचे उमेदवार सुधीर मुनगंटीवार तेव्हा राज्याचे वनमंत्री होते आणि सांस्कृतिक कार्य खातेही त्यांच्याकडेच होते. त्या सभेतल्या त्यांच्या भाषणाचा एक तुकडा लगोलग मोबाइलवर फिरू लागला. काँग्रेसच्या राजवटीतल्या अत्याचारांबद्दल बोलताना त्यांनी बहीण-भावाच्या नात्याचा जो उल्लेख केला, तो अश्लील असल्याचा आरोप झाला. काँग्रेसने निषेध केला, निवडणूक आयोगाकडे तक्रारी गेल्या. व्हिडिओ तोडून दाखवला जात आहे, आपले बोलणे १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराबद्दल होते, असा खुलासा मुनगंटीवारांनी केला. विरोधकांच्या हाती मात्र नेमके शस्त्र आले होते. संस्कृतीचे खाते सांभाळणाऱ्या मंत्र्याच्या तोंडी ही भाषा शोभते का, असा त्यांचा सवाल होता.

४ जूनला निकाल लागला. काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकर अडीच लाखांहून अधिक मतांनी निवडून आल्या. भाषण भोवले, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच निवडणुकीत महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा जिंकल्या होत्या. कापूस-सोयाबीनचे पडलेले भाव, संविधान बदलले जाईल ही भीती, जातीपातीची गणिते आणि विद्यमान खासदार बाळू धानोरकर यांच्या २०२३ मधल्या निधनानंतरची सहानुभूती, हे सगळे त्या मतदानात मिसळलेले होते. शिवाय त्याच वर्षी नोव्हेंबरात मुनगंटीवार बल्लारपूर विधानसभेतून पुन्हा निवडून आले, आणि बल्लारपूर याच लोकसभा मतदारसंघात येते. एप्रिलमधला संताप खरा होता, तरी नोव्हेंबरपर्यंत तो सगळ्यांच्या मनात टिकला नाही.

नेता घसरला की लोक चिडतात, हे सांगायला पुस्तक लागत नाही. लोक नेमके कशावर चिडतात, ती चीड कुठे वळते आणि तिच्यातून पदरात काय पडते, हे मात्र समजून घ्यायला हवे. त्यासाठी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांइतकी चांगली शाळा महाराष्ट्रात दुसरी नाही. कारण इथे गेली तीन दशके एकाच प्रश्नावर नेत्यांचा शब्द आणि नेत्यांची कृती लोकांनी ताडून पाहिली आहे. तो प्रश्न दारूचा.

चुकीपेक्षा ढोंग का झोंबते

येल विद्यापीठातल्या जिलियन जॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. दुसऱ्याच्या वागण्याला नावे ठेवणारा आणि स्वतः तेच करणारा माणूस लोकांना इतका का खटकतो, हे त्यांना शोधायचे होते. उत्तर असे मिळाले की, एखादा माणूस जेव्हा दुसऱ्याचा दोष जाहीरपणे काढतो, तेव्हा आपण मनोमन धरून चालतो की हा स्वतः तसा नाही. न सांगताच तो स्वतःच्या चांगुलपणाची ग्वाही देत असतो, आणि पुढे ती खोटी निघाली की आपण फसवले गेलो असे वाटते. उलट एखादा आधीच म्हणाला, ‘हे वाईट आहे, पण माझ्याकडूनही कधीकधी होते’, तर लोक त्याच्यावर तितके चिडत नाहीत. लोकांना राग येतो तो फुकट मिळवलेल्या मोठेपणाचा.

न्यूयॉर्कचे गव्हर्नर एलियट स्पिट्झर यांना मार्च २००८ मध्ये राजीनामा द्यावा लागला. वेश्याव्यवसाय चालवणाऱ्या एका टोळीचे ते गिऱ्हाईक असल्याचे उघड झाले होते. हेच स्पिट्झर आधी राज्याचे ॲटर्नी जनरल असताना त्यांनी अशा टोळ्यांवर खटलेही भरले होते, त्यामुळे बातमी आल्यावर अवघ्या काही दिवसांत त्यांचे पद गेले. ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना एप्रिल २०२२ मध्ये झालेला दंड रकमेने किरकोळ होता. पण कोरोनाच्या टाळेबंदीतला जो नियम मोडल्याबद्दल तो झाला, त्याच नियमामुळे हजारो कुटुंबांना आपल्या मरणाऱ्या माणसाचा हात शेवटच्या क्षणी धरता आला नव्हता. लोकांनी दंडाची रक्कम पाहिली नाही, आपण काय सोसले ते आठवले.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असे आपल्याकडे म्हणतात. त्याच्याच जोडीला दुसरी म्हण आहे: आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे. ढोंगाची चीड सगळ्यांना येते, पण आपल्या पक्षाचा, आपल्या जातीचा, आपल्या तालुक्याचा माणूस अडकला की पुरावा तपासण्याची आपली मापे बदलतात. विरोधकाच्या बाबतीत एक व्हिडिओ पुरतो, आपल्या माणसाच्या बाबतीत न्यायालयाचा निकालही पुरत नाही.

‘कामाचा माणूस आहे’

लोकांच्या मनात आणखी एक तराजू चालू असतो. १९८० मध्ये मुख्यमंत्री झालेल्या बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्या काळात संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. विधवा, अपंग, निराधार म्हाताऱ्या माणसांच्या हाती सरकारकडून दरमहा थेट पैसे येऊ लागले. मोठे जिल्हे फोडून लहान करण्याचे कामही त्यांच्याच काळात सुरू झाले. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे झाले. त्याच वर्षी ऑगस्टअखेर ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी अंतुल्यांचे सिमेंट प्रकरण बाहेर काढले. सिमेंट तेव्हा नियंत्रणाखाली होते, ते सरकारी वाटपातून मिळत असे. ते मिळण्याचा आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसारख्या न्यासांना देणग्या देण्याचा संबंध असल्याचे आरोप होते. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला आणि अंतुल्यांना पद सोडावे लागले. 

अंतुले पुढे कुलाब्यातून अनेकदा लोकसभेवर निवडून गेले. न्यायालयातल्या लांबलेल्या लढायांपेक्षा निराधार योजनेची रक्कम कित्येक घरांना जवळची होती. ब्राझीलच्या साओ पावलो राज्याचे नेते अधेमार द बारोस यांच्याबद्दल तिथले लोक उघड म्हणत, चोरतो खरा, पण कामे करतो. आपल्याकडे हेच ‘कामाचा माणूस आहे’ असे म्हटले जाते. ज्याच्या गावाला रस्ता नाही, पावसाळ्यात नदी-नाल्यांना पूर आला की ज्याचे गाव तालुक्यापासून तुटते, तो मतदार या हिशेबाने मत देत असेल तर त्याला मूर्ख ठरवणे अन्यायाचे आहे. पण हा हिशेब पुरता मांडला जात नाही, हेही तितकेच खरे. मिळालेला रस्ता डोळ्यांना दिसतो. खाल्लेल्या पैशातून जो दवाखाना झालाच नाही, तो कुणालाच दिसत नाही.

कायद्यातला दुजाभाव

ढोंग माणसाच्या वागण्यात असते तसे कायद्याच्या कलमातही असू शकते. २००५ मध्ये गृहमंत्री आर. आर. ऊर्फ आबा पाटील यांनी राज्यात डान्सबारवर बंदी आणली. आबांची प्रतिमा स्वच्छ होती, हेतूवर फारसा कुणी संशय घेतला नाही. पण कायद्याने तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मोकळीक ठेवली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. गरिबांच्या बारमध्ये जो नाच अनैतिक, तोच श्रीमंतांच्या हॉटेलात सभ्य कसा, या प्रश्नापुढे कायदा टिकला नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर मोठ्या शहरांत अशा छोट्या गोष्टी होतच असतात, अशा अर्थाच्या एका वाक्याने याच आबांचे पद गेले. १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. वर्षभरात ते पुन्हा गृहमंत्री झाले आणि गडचिरोलीचे पालकमंत्रिपद त्यांनी स्वतःहून मागून घेतले. २००९ हे वर्ष गडचिरोलीसाठी भयंकर होते. फेब्रुवारीत मरकेगाव, मे महिन्यात हत्तीगोटा, ऑक्टोबरात लाहेरी, तीन हल्ल्यांत मिळून जवळपास पन्नास पोलीस मारले गेले होते. अशा वेळी नको असलेली जबाबदारी मागून घेणारा मंत्री, अशीच आबांची आठवण इथे काढली जाते. डाग धुण्याचे दोन मार्ग असतात: खुलासे करत राहणे किंवा अवघड कामाला हात घालणे. लोक दुसरा ओळखतात.

दारू: तीस वर्षांची परीक्षा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९८० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेमार्फत गडचिरोलीतल्या दारूचा हिशेब मांडला. जिल्ह्याच्या विकासासाठी सरकारची वार्षिक योजना १४ कोटींची आणि लोक वर्षाला दारूवर खर्च करत होते सुमारे २० कोटी. सरकार एका हाताने देत होते आणि दुसऱ्या हाताने त्याहून जास्त काढून घेत होते. त्यावर कडी म्हणजे, आदिवासी भागात व्यापारी दारूची दुकाने नकोत हे केंद्र सरकारचे १९७० च्या दशकापासूनचेच धोरण होते. सरकारचे बोलणे आणि वागणे यांतले अंतर आकड्यांत दिसले आणि आंदोलनाला धार आली. गावोगावचे ठराव, मोर्चे, महिला मंडळे यांच्या रेट्यावर १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली. सेवाग्राममुळे वर्धा जिल्ह्यात ती आधीपासून होतीच.

चंद्रपूरच्या बाया त्यानंतर उठल्या. डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’च्या नेतृत्वाखाली त्या चिमूरहून पायी निघाल्या आणि हिवाळी अधिवेशनाच्या वेळी नागपूरला विधानभवनावर धडकल्या. १९४२ च्या क्रांतीने गाजलेले चिमूर मोर्चाचे आरंभस्थान म्हणून निवडण्याला या भागात फार मोठा अर्थ आहे. तेव्हाचे पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचा अहवाल आला, पण निर्णय रखडला. सत्ता बदलल्यावर मुनगंटीवार पालकमंत्री झाले, जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरातही बंदी लागू झाली.

सहा वर्षांनी चित्र पालटले. महाविकास आघाडी सरकारात विजय वडेट्टीवार पालकमंत्री होते. समित्या नेमल्या गेल्या, लाखोंच्या संख्येने निवेदने आली आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठवली. कोरोनाची दुसरी लाट तेव्हा नुकती ओसरत होती. जुलैत दुकाने उघडली, तेव्हा एका बारमालकाने पालकमंत्र्यांच्या फोटोची आरती केली आणि तो व्हिडिओ राज्यभर पाहिला गेला. चिमूरहून नागपूरपर्यंत पाय झिजवलेल्या बायांनी तो पाहिला असेल, तेव्हा त्यांच्या मनाचे काय झाले असेल?

इथे न्यायाने बोलले पाहिजे. मुनगंटीवारांनी बंदीचे आश्वासन उघडपणे दिले आणि पाळले. वडेट्टीवारांनीही बंदी उठवण्याची भूमिका लपवली नाही. बंदीमुळे अवैध आणि बनावट दारू वाढली, गुन्हे वाढले, बायका-पोरे तस्करीत ओढली गेली, महसूल बुडाला, असे ते जाहीरपणे सांगत होते. या बाबतीत दोघांनाही ढोंगी म्हणता येणार नाही. बंदीच्या काळात तस्करी फोफावली होती हेही खरे आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीड ठाण्याच्या एका उपनिरीक्षकाला दारू तस्करांच्या गाडीने चिरडून मारले.

ढोंग होते ते या दोघांच्या पलीकडच्या साऱ्या व्यवस्थेत. वरून बंदी आणि खालून हप्ता, मंचावर व्यसनमुक्तीची शपथ आणि मतदानाच्या आदल्या रात्री पेट्या. राज्याने २०११ मध्ये व्यसनमुक्तीचे धोरण जाहीर केले आणि तेच राज्य मद्यावरच्या शुल्कातून दरवर्षी हजारो कोटी रुपये गोळा करते. २०२२ मध्ये सत्ता पुन्हा फिरली, मुनगंटीवार पुन्हा मंत्री आणि पालकमंत्री झाले, पण चंद्रपूरची दारूबंदी परत आली नाही. २०२४ च्या निवडणुकीत तर एका उमेदवाराने गावोगावी बियर बारचे आश्वासन दिले.

राग वळतो कुठे

या सगळ्याला कंटाळलेल्या चंद्रपुरात एक वाक्य घरोघर ऐकू येत असे: ‘नेते पितातच, पोलीस खातातच, मग बंदी कशाला?’ मला हे वाक्य या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्याचा पूर्वार्ध खरा धरला, तरी उत्तरार्ध त्यातून निघत नाही. तराजूत खोट आढळली म्हणून वजन करणेच कुणी बंद करत नाही. नियम मोडणारे मोठे असतील, तर मोडणाऱ्यांना नियमाखाली आणणे हे उत्तर आहे. नियमच मोडीत काढला की नेत्याचे काहीच बिघडत नाही. त्याला सूट आधीही होती. बिघडते ते त्या बाईचे, जिच्या घरातली मजुरी दुकानाच्या दारातून घरी पोहोचत नाही.

ढोंगाच्या प्रत्येक प्रकरणात लोकांचा राग या दोन वाटांवर येऊन उभा राहतो. एक वाट म्हणते, ‘तू बोललास तसा वाग.’ दुसरी म्हणते, ‘सगळे सारखेच, सोडून द्या.’ पहिलीने नियम बळकट होतो. दुसरी ऐकायला शहाणपणाची वाटते, पण तिचा फायदा नेमका ढोंग्याला मिळतो, कारण सगळेच सारखे म्हटल्यावर त्याला वेगळा जाब विचारणारा कुणी उरत नाही.

दुजाभावाला जागा ठेवणारे नियमही टाळले पाहिजेत. गोंड-माडियांच्या पूजेत मोहाच्या दारूला स्थान आहे. देवाला वाहायच्या घोटभर दारूसाठी आदिवासी बाईला कोर्टात उभे करायचे आणि ट्रकभर पेट्या नाक्यावरून सोडायच्या, असे होऊ लागले की कायदा लोकांच्या मनातून उतरतो. आदिवासी भागासाठीच्या केंद्राच्या धोरणाने व्यापारी दारू आणि घरची पारंपरिक दारू यांत फरक केला होता, तो समजून-उमजून.

गावाने काढलेली वाट

गडचिरोलीतल्या पुष्कळ गावांनी पहिली वाट धरली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात १९८० च्या दशकात ग्रामसभा उभी राहिली, तेव्हा सुरुवातीच्या निर्णयांपैकी एक दारूबद्दलचा होता. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा. इथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. त्यामुळे वेळ लागतो, बैठका लांबतात, एकाचे समाधान होत नाही तोवर बाकीचे थांबतात. पण नियम करणारा आणि पाळणारा एकच असतो. ज्याने ठरावाला संमती दिली, त्याला उद्या ‘मला माहीत नव्हते’ किंवा ‘हे माझ्यासाठी नाही’ म्हणता येत नाही. ढोंगाला जागा मिळते ती नियम करणारा आणि भोगणारा यांच्यातल्या अंतरात. मेंढ्याने ते अंतरच ठेवले नाही.

२०१६ मध्ये ‘सर्च’, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ हे अभियान जिल्ह्यात सुरू केले. त्याचा कणा म्हणजे गाव संघटना. त्यांचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडतात, ती वेचून वाळवली जातात. दारू गाळणारा विक्रेता ती गूळ आणि नवसागर घालून पाण्यात सडवतो. हा सडवा प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये किंवा मडक्यांत भरून नाल्याच्या काठी, झुडपात, कधी वाळूत पुरून ठेवलेला असतो. आंबूस वासावरून तो सापडतो. बाया काठीने वाळू टोचत जातात, काठी पोकळ लागली की उकरतात, ड्रम आडवा करतात आणि आंबलेली फुले नाल्यात वाहून जातात. मग बैठक बसते, विक्रेत्याला समज दिली जाते, दंड ठरतो. तो विक्रेता बहुधा कुणाचा तरी दीर, भाचा किंवा शेजारी असतो. परक्या नेत्यावर तोंडसुख घेण्यापेक्षा हे काम शंभरपट अवघड आहे.

आणि मोहाचा हंगाम हाच लोकसभा निवडणुकीचाही हंगाम असतो. गडचिरोली-चिमूर मतदारसंघात २०१९ चे मतदान ११ एप्रिलला आणि २०२४ चे १९ एप्रिलला झाले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५-क कलमाने मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत त्या मतदान क्षेत्रात दारूविक्री बंद असते. तरी कायमची बंदी असलेल्या गडचिरोलीत तेलंगणा आणि छत्तीसगडच्या सीमेवरून आणि २०२१ नंतर वैनगंगेपलीकडच्या चंद्रपुरातून माल येण्याचा धोका याच दिवसांत वाढतो. म्हणून ‘मुक्तिपथ’ने निवडणूक दारूमुक्त करण्याची मोहीम हाती घेतली. उमेदवारांकडून प्रचारात दारू वापरणार नाही असे लेखी वचन घ्यायचे आणि दारू पाजणाऱ्याला मत नाही असा ठराव गावांनी करायचा.

लेखी वचनाने नेता सुधारतोच असे नाही. पण कागदावर सही असली की त्याच्या वागण्याचे माप लोकांच्या हाती राहते. तोंडी भाषणाचा व्हिडिओ तोडला म्हणता येतो, सही तोडली म्हणता येत नाही. पुढच्या वेळी तो मत मागायला आला की गाव कागद पुढे करून विचारू शकते.

म्हणून नेत्याचे एखादे प्रकरण बाहेर येईल तेव्हा आपण आधी पुरावा पाहावा, आणि तो आपल्या माणसाच्या बाबतीत जितका मागतो तितकाच दुसऱ्याच्या बाबतीत मागावा. मग आपली चीड चुकीवरची आहे की ढोंगावरची, हे ओळखावे. आणि ढोंगावरची असेल, तर ज्या तत्त्वाची त्याने विटंबना केली, ते तत्त्व त्याच्याबरोबर फेकून देऊ नये. दारूबंदी असो, स्त्रीचा सन्मान असो की सार्वजनिक पैशाची राखण असो, ती नेत्यांनी आपल्याला दिलेली भेट नाही. चिमूरच्या बायांनी, मेंढ्याच्या ग्रामसभेने, नाल्याकाठी काठी घेऊन फिरणाऱ्या गाव संघटनांनी ती स्वतः कमावली आहे. नेता घसरला म्हणून ती सोडून देण्याचा हक्क त्याला नाही आणि आपल्यालाही नाही.